लेकरांच्या सहलीचा हिशेब उंबऱ्यापासून धरा

प्रति,
मा. पर्यटनमंत्री व मा. परिवहनमंत्री, महाराष्ट्र राज्य, मा. जिल्हाधिकारी, बीड, जिल्ह्यातल्या नगर परिषदा आणि नगर पंचायतींचे मुख्याधिकारी, तसेच राज्यात थीम पार्क, वॉटर पार्क चालवणारी सर्व मंडळी यांस,



मी पाटोदा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. वार्षिक परीक्षा संपत आली की पालकांची एक विचारणा ठरलेली असते. "बाई, लेकरांना कुठंतरी न्यायचंय. लई खर्च न होता कुठं जाता येईल?" विचारणारे सगळ्या तऱ्हेचे असतात. किराणा दुकानवाले, एसटीतले वाहक, अंगणवाडीच्या ताई, आणि नुकतेच कारखान्यावरून गावी परतलेले ऊसतोड कामगारसुद्धा. रोलरकोस्टरचे व्हिडिओ आता वस्तीवरच्या पोरांनीही मोबाइलवर पाहिलेले असतात. देवाला कुठं जायचं हे मला कुणी विचारत नाही, ते घराघरात ठरलेलं असतं. पाळण्यात बसायला कुठं जायचं हे मात्र विचारावं लागतं, आणि त्याला धड उत्तर नाही. उत्तर तुमच्यापाशी आहे, म्हणून पत्र तुम्हाला.

तुमचा हिशेब तिकीटखिडकीपासून सुरू होतो, आमचा घराच्या उंबऱ्यापासून. आमच्या पिढीनं गोराईचं एस्सेलवर्ल्ड फक्त टीव्हीच्या जाहिरातीत पाहिलं. १९८९ साली सुरू झालेलं ते पार्क आता बंदही झालं. त्यानंतर एप्रिल २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका आलं. जागा निवडताना मुंबई आणि पुणे डोळ्यांसमोर होतं हे उघड आहे, आणि धंदा म्हणून त्यात गैर काहीच नाही. पण बीडहून ते तीनशे किलोमीटरच्या पुढं पडतं. रात्रीची एसटी धरायची, पहाटे पुण्यात उतरायचं, तिथून खोपोलीकडं जाणारी गाडी शोधायची, शेवटी रिक्षा. चार वर्षांचं पोर एवढ्या प्रवासात दोनदा ओकतं आणि पार्काच्या दारात पोचतं तेव्हा बापाच्या खांद्यावर गाढ झोपलेलं असतं. संध्याकाळी पार्क बंद होताना पुन्हा तोच रस्ता, नाहीतर लॉजचं भाडं. म्हणजे एका दिवसाच्या मजेसाठी दोन दिवस मोडतात, आणि रोजावर जाणाऱ्याच्या घरात दोघांच्या मिळून चार हजेऱ्या बुडतात. तुमच्या जाहिरातीतल्या "फक्त" या किमतीत हे काहीच धरलेलं नसतं.

एक साधं कुटुंब घ्या. आई, बाप, अडुसष्ट वर्षांची आजी, सहा वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. एसटीत बापाचं पूर्ण तिकीट. आईचं अर्धं, कारण १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं भाडं आहे. आजीचंही अर्धं. मुलगी पाच ते बारा या वयातली, म्हणून अर्धं. मुलगा पाचच्या आतला, त्याला तिकीट नाही. पाच माणसं अडीच तिकिटांत महाराष्ट्रभर फिरतात. एसटीला आम्ही नावं ठेवतो, खिडक्यांच्या काचा खडखडतात म्हणून कुरकुरतो, पण कुटुंब कसं प्रवास करतं हे या महामंडळाला कळलेलं आहे.

हेच कुटुंब मोठ्या थीम पार्काच्या खिडकीशी उभं करा. मोठ्या माणसाचं तिकीट हजार-दीड हजाराच्या घरात, वार आणि सुट्टी बघून वर-खाली होणारं. लेकराचं थोडंसं कमी. धाकट्याला उंचीमुळं फुकट सोडलं असं धरलं तरी चार तिकिटं, सरासरी बाराशेनं अठ्ठेचाळीसशे रुपये. जानेवारी २०२४ च्या करारात ऊसतोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपयांच्या आसपास गेला. एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडते. म्हणजे नुसत्या दारातून आत जायला जोडीची जवळपास आठवडाभराची तोडणी. तीही रोख हातात येत नाही, मुकादमाकडून घेतलेल्या उचलीत वळती होते. ऊसतोड कामगारानं थीम पार्कला जावंच असा माझा आग्रह नाही. पण जायचं ठरवलं तर त्याला आकडा दिसायला हवा, आणि तो आकडा माणसाच्या आवाक्यातला असायला हवा.

आजीचं तिकीट मला सगळ्यात खटकतं. आजी कुठल्याच पाळण्यात बसत नाही. ती एका बाकावर पिशव्या सांभाळत बसते, धाकट्याला मांडीवर झोपवते, तेव्हा कुठं आई-बाप मोठ्या मुलीला घेऊन रांगेत उभे राहतात. आजी नसेल तर चार वर्षांच्या पोरासकट पार्क फिरणं जमत नाही, हे लहान मुलांच्या कुठल्याही आई-बापाला विचारा. पार्काच्या दृष्टीनंही आजी फुकटची मदतनीस आहे. तरी आत यायला तिलाही तिकीट पडतंच. पार्कवाल्यांनो, "सोबत्याचं तिकीट" असा एक साधा प्रकार काढा. पाळणे नाहीत, फक्त आत येणं आणि बसणं. मनगटाला वेगळ्या रंगाची पट्टी बांधा, म्हणजे कुणी चोरून पाळण्यात बसेल ही भीतीही नको. आमच्या सासवा तसं करणाऱ्यातल्या नाहीत, पण तुमच्या समाधानासाठी.

आता डब्याचं. एका पार्काच्या दारात पाहिलेलं सांगते, नाव घेत नाही, कारण ही रीत एकट्या त्या पार्काची नाही. गावाकडची एक बाई, काखेत पोर, हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं. दारावरच्या माणसानं गाठोडं सोडायला लावलं. ज्वारीच्या दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दोन कांदे आणि एका डबीत धाकट्यासाठी तूप-गूळ कालवलेली पोळी. "बाहेरचं खाणं आत चालत नाही." बाई म्हणाली, "हे बाहेरचं नाही दादा, घरचं हाय." रांगेतली माणसं हसली, दारावरचाही हसला, पण गाठोडं काही आत गेलं नाही. बाईनं तिथंच दाराबाहेरच्या कट्ट्यावर बसून पोरांना सकाळी दहा वाजता दुपारचं जेवण भरवलं आणि मग आत गेली. तीन वाजता ती पोरं भुकेली झाली असणार, आणि मग जे विकत घ्यावं लागलं असेल त्याचा दर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

कायद्याचा मुद्दा निघेल म्हणून सांगते. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चित्रपटगृहांबाबत निकाल दिला. बाहेरचं खाणं नाकारायचा अधिकार मालकाला आहे, हे न्यायालयानं मान्य केलं. पण त्याच प्रकरणात तान्ह्या मुलांसाठी पालकांनी आणलेलं खाणं चालेल आणि स्वच्छ पिण्याचं पाणी मोफत मिळेल, याचीही नोंद झाली. निकाल चित्रपटगृहांपुरता असेल, पण तीन तासांच्या सिनेमाला जी सवलत आहे ती आठ तासांच्या पार्कला नको का? किमान पाच वर्षांखालच्या लेकरांचा डबा आत जाऊ द्या. बाकीच्यांसाठी दाराजवळ पत्र्याची का होईना एक शेड, एक नळ आणि बाहेर जाऊन परत येण्याची मुभा द्या. तुमच्या उपाहारगृहाचा धंदा त्यानं बुडत नाही. आइस्क्रीम आम्ही घरून आणू शकत नाही.

उंचीचंही एक आहे. एसटीत वय विचारतात, पार्कात बहुधा पट्टीला उभं करतात. आमच्या भागातली बरीच लेकरं वयाच्या मानानं बुटकी असतात, त्याची कारणं वेगळी आणि ती या पत्रात नकोत. परिणाम असा की पोराचं तिकीट कमी उंचीचं निघतं म्हणून बाप खूश होतो आणि आत गेल्यावर त्याच उंचीपायी निम्मे पाळणे पोराला मिळत नाहीत. सुरक्षेचा नियम मोडा असं कोण म्हणेल? फक्त तिकीट काढायच्या आधी मराठीत, ठळक अक्षरांत, सेंटिमीटरमध्ये लिहा की एवढ्या उंचीच्या लेकराला इतके पाळणे मिळतील. शाळेच्या भिंतीवर आरोग्य तपासणीची उंचीपट्टी असतेच. सहलीला निघणाऱ्या प्रत्येक पोराला आम्ही तिथं उभं करू आणि मगच पैसे खर्चायचे की नाही ते पालक ठरवतील. सहा वर्षांच्या मुलीला चारच पाळणे मिळणार असतील, तर खोपोलीपर्यंत जायची गरज नाही हे तरी कळेल.

खरी गोम मात्र कॅलेंडरात आहे. सल्ला देणारे सांगतात, गर्दी टाळा, आडवारी जा, दिवाळी आणि मे महिना सोडून जा, स्वस्त पडतं. पुण्याच्या माणसाला हे जमतं. बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमाराला हजारो कुटुंबं पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडं निघतात, ती मार्च-एप्रिलपर्यंत फडावर असतात. काही मुलं आई-बापाबरोबर जातात, काही गावात आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. जूनमध्ये पाऊस पडला की कापूस-सोयाबीनची पेरणी आणि शाळा एकदमच सुरू होतात. म्हणजे आई-बाप आणि लेकरं एका छपराखाली असण्याचे दिवस एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंतच. नेमके त्याच दिवसांत तुमचे दर चढलेले, सवलती आटलेल्या, आणि ऊन चाळीस अंशांच्या पुढं. ज्याला दुसरा मोसमच नाही त्याच्याकडून मोसमी दर घेता.

यावर उपाय काढणं अवघड नाही. एप्रिलच्या शेवटच्या पंधरवड्यात आणि मेमध्ये सोमवार ते गुरुवार एक ठरलेला दर ठेवा, जो ऑनलाइन आणि खिडकीवर सारखाच असेल. आज आगाऊ ऑनलाइन काढणाऱ्याला स्वस्त आणि दारात रोख देणाऱ्याला महाग पडतं. स्वस्ताईची सगळी तजवीज कार्ड आणि ॲप असणाऱ्यासाठी, आणि ज्याला स्वस्त हवंय त्याच्याच हातात नोटा. शंभर किलोमीटरपेक्षा जास्त अंतराचं एसटीचं तिकीट दाखवणाऱ्याला सवलत दिली तर आणखी बरं. ते तिकीट हाच आमचा पुरावा की आम्ही घरच्या गाडीनं आलेलो नाही.

परिवहन खात्याला एक आठवण. आषाढीला चाळीस माणसं जमली की थेट गावातून पंढरपूरची बस देण्याची सोय एसटी करते. शाळेच्या सहलीला निम्म्या भाड्यात गाडी देते. मग उन्हाळ्यात चाळीस माणसांत पंधरा लेकरं असली तर आष्टी, पाटोदा, गेवराई, धारूर आगारांतून शिर्डीला किंवा संभाजीनगरला एक दिवसाची गाडी का निघू नये? शाळेच्या सहलीनं हे भागत नाही. पहिली-दुसरीची पोरं आम्ही लांब नेत नाही, आणि पाण्याच्या, जोखमीच्या जागा सहलीला वर्ज्यच आहेत. लहान पोर आईच्या हाताला धरूनच जायला हवं. शिर्डी बीडहून साधारण दोनशे किलोमीटर. तिथं दर्शन होतं, साईतीर्थसारखं भक्तीचं थीम पार्क आहे, वॉटर पार्क आहे. देव आणि पाळणा एका भाड्यात जमला की आजीही आनंदानं निघते आणि घरातला अर्धा वाद मिटतो. पहाटे पाचला सुटणारी आणि रात्री अकराच्या आत गावात आणून सोडणारी गाडी एवढंच हवंय.

१७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून अहिल्यानगरला रेल्वे सुरू झाली. परळीपर्यंतच्या या २६१ किलोमीटरच्या मार्गाची वाट बघण्यात इथल्या पिढ्या गेल्या, त्याबद्दल आता नवं काय लिहू? लहान पोरांना तर पार्काइतकीच मजा रेल्वेत बसण्याची. अहिल्यानगरहून पुढं शिर्डीकडं आणि दौंड-पुण्याकडं जाणाऱ्या गाड्यांच्या वेळा या गाडीशी जुळवून, मराठीत छापून, प्रत्येक ग्रामपंचायतीत लावल्या तरी पुष्कळ काम होईल.

दिल्लीच्या दारात राज्यानं मांडावं असंही एक काम आहे. सर्कशीचं, नाटकाचं किंवा तारांगणाचं तिकीट पाचशे रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. प्राणिसंग्रहालयाच्या तिकिटावर तर मुळीच नाही. थीम पार्क, वॉटर पार्क आणि घोड्याच्या चक्रावर मात्र १८ टक्के. सुरुवातीला २८ होता, जानेवारी २०१८ मध्ये उतरला. सर्कशीतला जोकर बघणं करमुक्त आणि लाकडी घोड्यावर बसणं करपात्र, यामागचं शहाणपण माझ्या ध्यानात येत नाही. पाचशेची तीच मर्यादा लेकरांच्या पाळण्यांना लावा. हजार-दीड हजारांच्या पार्काला त्याचा उपयोग होणार नाही हे मला कळतं. मला तालुक्या-जिल्ह्याच्या ठिकाणची छोटी पार्कं वाढलेली हवी आहेत, त्यांना होईल.

कारण शेवटी गोष्ट येते ती जवळच्या जागेवर. तुम्ही म्हणाल, बीड जिल्ह्यात बघायला काय कमी आहे? सौताड्याचा धबधबा आहे, नायगावचं मयूर अभयारण्य आहे, बीडची खजाना विहीर आहे, अंबाजोगाईची लेणी आहेत. आहेत, आणि आम्ही ती दाखवतोही. पण मे महिन्यात सौताड्याला कातळ उरतो, मोर भर दुपारी सावलीतून बाहेर येत नाहीत, आणि चार वर्षांच्या पोराला विहिरीच्या काठाशी नेताना आईचा जीव टांगणीला लागतो. त्या वयाला घसरगुंडी लागते. आमच्याकडच्या एका नगर पंचायतीच्या बागेत झोक्यांना साखळ्या आहेत, फळ्या नाहीत. घसरगुंडीचा पत्रा खालच्या टोकाला फाटून वर वळलाय. त्यावर कुणीतरी पोतं बांधलंय आणि पोरं त्या पोत्याच्या अलीकडं पाय रोवून थांबायला शिकली आहेत. बागेच्या उद्घाटनाची पाटी मात्र संगमरवरी आहे, शाबूत.

महाशिवरात्रीला बीडच्या कंकालेश्वराच्या आणि परळीच्या यात्रेत पाळणे येतात. आकाशपाळणा, ब्रेकडान्स, ड्रॅगन, हवेनं फुगवलेलं मिकी माऊस. गरिबाचं थीम पार्क म्हणायचं तर तेच. घरापासून जवळ, तिकीट सुटं, जेवढं परवडेल तेवढ्याच पाळण्यात बसायचं, आजीला आत यायला पैसे नाहीत, दशम्या कुठंही बसून खा. यात्रा कुठलीही असो, जागेचा लिलाव होतो, बोली चढते आणि ती शेवटी पोरांच्या तिकिटातून वसूल होते. नगर परिषदांनी एवढं करावं: लहान मुलांच्या पाळण्यांपुरती जागा लिलावातून वगळून ठरावीक भाड्यानं द्यावी, त्या बदल्यात तिकिटाचा दर बांधून द्यावा, आणि पाळण्याचे बोल्ट तपासल्याचा दाखला पाळण्यावरच दिसेल असा लावायला लावावा. उत्पन्न थोडं घटेल. ते घटू द्या.

सार्वजनिक संस्थांना हे जमत नाही असं कुणी म्हणू नये. पुण्याच्या पेशवे पार्कात महापालिकेची फुलराणी ८ एप्रिल १९५६ ला धावली, तेव्हा देशात थीम पार्क हा शब्दही कुणाच्या तोंडी नव्हता. शेगावच्या गजानन महाराज संस्थानानं तळं, झाडी, छोटी आगगाडी असलेलं आनंदसागर उभं केलं आणि माफक तिकिटात चालवलं. मराठवाडा-विदर्भातल्या कितीतरी शाळांची सहल म्हणजे शेगावच. मध्यंतरी ते बंद झालं, मग काही भाग उघडला. पण स्वच्छता आणि स्वस्ताई एकत्र नांदू शकतात हे तिथं लाखो लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. आणि आमच्या सगळ्यात जवळ आहे ते पैठणचं संत ज्ञानेश्वर उद्यान. गेवराईकराला पैठण म्हणजे शेजार. म्हैसूरच्या वृंदावनाच्या धर्तीवर नाथसागर धरणाच्या पायथ्याशी केलेलं ते उद्यान, कारंज्यांसाठी माणसं लांबून यायची, आणि वर्षानुवर्षं त्याची रया गेलेली आहे. नूतनीकरणाच्या घोषणा आम्ही ऐकल्या आहेत. माझं मागणं घोषणेहून लहान आहे. एका कोपऱ्यात आठ वर्षांखालच्या लेकरांसाठी सावलीतले खेळ, स्वच्छ मुतारी, पिण्याचं पाणी आणि लेकराला अंगावर पाजायला एक आडोशाची खोली एवढं आधी करा. कारंजी मागून येऊ द्या.

तोपर्यंत पालकांना मी जे सांगते ते सांगत राहीन. पहिल्या खेपेला लांब जाऊ नका. संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात जा, प्राणी बघा, बागेत खेळा, संध्याकाळच्या गाडीनं परत या. मोठ्या पार्काला मुलगी उंचीपट्टीवर पुरेशी आली की मगच. आदल्या रात्री पोचून नातेवाइकांकडं मुक्काम करा, दार उघडायच्या वेळेला हजर राहा, लहानांचे पाळणे उन्हाआधी उरका, दुपारी सावलीत पोरांना झोपवा. पोराच्या दंडावर पेननं मोबाइल नंबर लिहा. पाळण्याबाहेरच्या खेळण्यांच्या दुकानासमोरून जायचं नाही, वळसा घाला.

तुमच्याकडून उत्तर आलं तर मार्च संपायच्या आत यावं. परीक्षा झाल्या की मुलांची गाठ पडत नाही, आणि फडावरून येणारी कुटुंबं आल्या आठवड्यातच लग्नकार्यांत अडकतात. आगारातून गाडी मिळणार असेल तर दिवस आणि वेळ दोन दिवस आधी कळवा. पहाटे पाचला निघायचं तर दशम्या रात्रीच कराव्या लागतात, आणि पीठ त्याच्याही आधी दळून आणावं लागतं.

आपली,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळेतली एक शिक्षिका,
ता. पाटोदा, जि. बीड